तुमच्या शब्दांत परत सांगा

फोन दुपारी आला. बाहेरचे पेशंट नुकतेच संपले होते, व्हरांड्यातली बाकं रिकामी झाली होती आणि आया फरशीवर फिनेलचं पाणी ओतत होत्या. कऱ्हाडहून ट्रंककॉल होता. पलीकडे सुमतीबाईंचा भाचा होता. तो म्हणाला, "आत्या आज सकाळी गेली." मी नेहमीच्या सवयीनं म्हणाले, "परत सांगा. तुमच्या शब्दांत." त्याला वाटलं आवाज पोचत नाही, म्हणून तो ओरडून तेच बोलला. मी पुन्हा म्हणाले, "ऐकू येतंय. शब्द बदलून सांगा." तारेत नुसती खरखर. शेवटी अगदी हळू आवाजात म्हणाला, "सकाळी चहा दिला तिला... तो तिनं घेतलाच नाही." मी म्हणाले, "समजलं." आणि फोन खाली ठेवला. त्या मुलाला मी दगडाच्या काळजाची वाटले असेन. पण त्याच्या आत्यानंच मला हे शिकवलं होतं, आणि इतकं पक्कं शिकवलं होतं की तिच्याच मरणाची बातमी मी तिच्या रीतीनं घेतली.

याला आता काही आठवडे झाले. लिहावं असं कितीदा मनात आलं, पण ड्यूटीवरून परत आल्यावर पेन हातात धरवत नाही. शिवाय माझं शिक्षण हैदराबादला इंग्रजी शाळेत झालेलं. मराठी घरात बोलायची, तीही मोजकी. सुमतीबाई मला गमतीनं म्हणायच्या, "तू आधी इंग्रजीत गप्प बसतेस, मग मराठीत गप्प बसतेस." ते खोटं नव्हतं.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्यानंतर त्या सातारा भागातून उस्मानाबादला आमच्या धर्मादाय दवाखान्यात मेट्रन म्हणून आल्या. त्यांच्यानंतर थोड्या महिन्यांनी मी नर्स म्हणून आले. बाई उंच, सावळ्या, पांढरं पातळ टापटीप नेसणाऱ्या आणि चालताना किल्ल्यांचा आवाज होऊ नये म्हणून जुडगा मुठीत धरणाऱ्या. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी मला एवढंच विचारलं, "रक्त बघून चक्कर येते का?" मी मान हलवली. "नाही म्हणायचं असेल तर तोंडानं नाही म्हण. मान कुणाला अंधारात दिसत नाही." त्या वेळी मला त्यांची भीती वाटली. पुढेही थोडी वाटतच राहिली.

इथली भाषा त्यांना सुरुवातीला जड गेली. गावातले निम्मे लोक दखनीत बोलायचे, खेड्यातले मराठीत बोलायचे पण त्यात अर्धे शब्द उर्दू. रहीमतबी नावाची आमची जुनी आया त्यांना म्हणायची, "बाई, तुम्हारी मराठी लई साफ है, इसलिए समझ में नै आती." बाई त्यावर हसायच्या नाहीत. त्यांना न समजलेलं आवडत नसे, आणि समजल्यासारखं दाखवणं तर त्याहून आवडत नसे. म्हणूनच पुढे जे झालं ते त्यांना इतकं लागलं असावं.

नवरात्राचे दिवस होते. तुळजापूरला यात्रा भरलेली. यात्रा म्हटलं की आम्हाला पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, धास्ती असे. लस, सलाईन, मधे भोक पाडलेल्या खाटा, चुना, विहिरीत टाकायची पावडर, सगळं आठवडाभर आधीपासून काढून ठेवलेलं असायचं. एका दुपारी नळदुर्गहून फोन आला. कुणी दुकानदार होता, घाईत होता, आणि तारेत नेहमीची खरखर होती. बाईंनी फोन घेतला. तो म्हणाला होता, "जळकोट के बाजू बस उलटी. लोगां भोत हैं. तयार रैना." एवढंच, आणि तार तुटली.

बाईंनी ऐकलं ते असं: जळकोट, बस, उलटी, पुष्कळ लोक.

त्यांनी फोन ठेवला आणि व्हरांड्यात येऊन सांगितलं, "जळकोटहून येणाऱ्या बसमधल्या यात्रेकरूंना उलट्या होतायत. पटकी असणार. चला." मी वॉर्डात होते. मला हे सांगितलं गेलं तेव्हा ते मराठी झालेलं होतं, 'उलटी'चं 'उलट्या' झालेलं होतं. त्यात शंका घेण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आणि आज आठवलं की थकायला होतं ते यामुळे, की त्या दिवशीची आमची तयारी फार सुरेख होती. तितकं चोख काम मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मागची लांब खोली रिकामी केली, खाटा मांडल्या, दाराशी चुना पसरला, सलाईनच्या बाटल्या टांगल्या. डॉक्टरसाहेब जीप काढून तुळजापूरला निघाले, तिथल्या पाण्याचं बघायला, यात्रेत साथ पसरू नये म्हणून. ऑपरेशनच्या खोलीची किल्ली त्यांच्या खिशात होती. तिची गरज पडेल असं कुणाच्या मनात आलं नाही.

मग एक ट्रक आला. पाठीमागे कडब्यावर माणसं निजवलेली. कुणाचा हात लोंबतोय, कुणाच्या डोक्याला पटका गुंडाळलेला आणि तो काळा पडलेला. उलटी एकालाही होत नव्हती. बाई चुन्याच्या रेघेवर उभ्या राहिल्या. ट्रकवाला खाली उतरून आमच्या रिकाम्या खाटांकडे, त्यांच्या भोकांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ये क्या किये जी? फोन पे बोले थे ना, बस उलटी! पलटी खाई, नाले में!"

बाईंचा चेहरा मी पाहिला. क्षणभरच पाहिला, कारण दुसऱ्या क्षणी त्या ट्रकच्या फळीवर चढल्या होत्या. गणपत म्हणून आमचा हमाल होता, त्यानं दगडानं ऑपरेशनच्या खोलीचं कुलूप फोडलं. पण आत काही उकळलेलं नव्हतं. हाडं बांधायच्या कामट्या कोठीत तळाशी होत्या, वर पटकीचं सामान. आणि डॉक्टर नव्हते. ते संध्याकाळी आले. वाटेत त्यांना एक ट्रक दिसलाही होता, असं ते म्हणाले. कडबा चाललाय असं वाटलं.

त्या माणसांत शेवंता म्हणून सोलापूरची एक गिरणीवाली होती. माझ्याहून थोडी मोठी. तिच्या मांडीला कुणीतरी धोतराची पट्टी करकचून बांधली होती, ती वाटेत तशीच राहिली होती. बाईंनी हाताला येईल ते सगळं केलं. पण डॉक्टर आले तेव्हा पाय वाचवण्याजोगा राहिला नव्हता. गुडघ्याच्या वरून काढावा लागला. हात धुताना डॉक्टर बाईंना म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. कदाचित तसाही गेला असता." बाई म्हणाल्या, "कदाचित." तो शब्द त्या नंतर कधी वापरत नसत. मी कधी अहवालात लिहिला तर खोडायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्यांना बोलावलं. कुणाला ओरडा पडणार असं आम्हाला वाटलं. त्या म्हणाल्या, "फोन मी घेतला होता. ऐकलं मी, चुकीचं समजले मी." आणि कामाला लागा म्हणाल्या. शेवंता पुष्कळ दिवस आमच्याकडे होती. तिच्या दोन्ही चपला खाटेखाली ठेवलेल्या असत. झाडणारी एकदा त्यातली एक उचलायला लागली तर शेवंता म्हणाली, "ऱ्हाऊ दे की माय. जोडी फोडू न्हाय." घरी जाताना तिनं दोन्ही चपला फडक्यात बांधून नेल्या. बाई तिला मोटारीपर्यंत सोडायला गेल्या. परत आल्या तेव्हा काही बोलल्या नाहीत. मीही काही विचारलं नाही. आम्हा दोघींचं त्या बाबतीत बरं जमत असे.

त्यानंतर तालीम सुरू झाली. दर गुरुवारी, बाहेरचे पेशंट संपले की. हा शब्द त्यांचाच. नाटकाची असते तशी तालीम, असं त्यांच्या डोक्यात होतं. पण त्यांनी पहिल्यांदा निरोप धाडला, "गुरुवारी सगळ्यांची तालीम," तेव्हा गणपत धावत आला. तो तरुणपणी कुस्त्या खेळलेला. "बाई, आता ह्या वयात तालमीत कुठं धाडता? माझं मणकं गेल्यात. आन् ह्या शिष्टरबाई कुणासंगं लढणार?" त्याचं बोट माझ्याकडे होतं. तेवढ्यात रहीमतबी आली, पदर सावरत, पडलेल्या चेहऱ्यानं. तिच्या भाषेत तालीम म्हणजे शिक्षण. "बाई, इस उमर में मेरे को अलिफ-बे पढाते क्या? आँखों से सुई नै दिखती मेरे को." बाई एकाकडून दुसरीकडे बघत राहिल्या. आणि त्या अपघातानंतर पहिल्यांदा हसल्या. खुर्चीत बसून, डोळे पुसत हसल्या. मग म्हणाल्या, "बघितलंस? एक शब्द टाकला आणि दवाखान्यात त्याचे तीन झाले. हीच आपली तालीम. दुसरी कुठली नाही."

रीत साधी होती. एकजण फाटकाबाहेर जाऊन निरोप घेऊन यायचा, कधी मराठीत, कधी दखनीत, कधी मुद्दाम अर्धवट. ज्याच्या कानावर पडेल त्यानं तो परत सांगायचा, पण त्याच शब्दांत नाही. "माझेच शब्द मला परत देऊ नका," बाई म्हणायच्या. "पोपटालाही ते येतं. तुमच्या शब्दांत सांगा. चूक असेल तर तिथंच उघडी पडते." निरोप देणारा हो म्हणाला की मग सगळ्यांनी आपापल्या जागी पळायचं. पाणी उकळायला, स्ट्रेचर काढायला, कोठी उघडायला. किल्ल्या त्या दिवसापासून कुणाच्याही खिशात राहिल्या नाहीत, व्हरांड्यात सगळ्यांना दिसेल अशा खिळ्यावर आल्या. टेलिफोनला पूर्वी डॉक्टर, बाई आणि मी असे तिघंच हात लावू शकत होतो. आता जो जवळ असेल त्यानं उचलायचा. रहीमतबी पहिल्यांदा उचलताना बिस्मिल्ला म्हणाली आणि उलटा धरला.

जखमी नेहमी गणपत व्हायचा. तो स्ट्रेचरवर पडून इतका विव्हळायचा की बाहेरच्या रस्त्यावरची माणसं आत डोकवायची. "आरं मेलो रं! मायला सांगा माझ्या!" रहीमतबी म्हणायची, "तुम्हारी माँ को मरके बीस बरस हुए. हौले चिल्लाओ." पहिले काही महिने असं हसत खेळत गेलं. मग हसणं सरलं आणि नुसता गुरुवार राहिला. डॉक्टरसाहेब आपल्या खोलीतून म्हणायचे, "आज कुठला अंक?" नवीन येणाऱ्या नर्सना वाटायचं आपली थट्टा चाललीय. उन्हाळ्यात पत्रा तापलेला, पाय सुजलेले, जेवण व्हायचं राहिलेलं, आणि त्यात बाई फाटकाकडे बघत उभ्या. मलाही कंटाळा यायचा. खरं सांगायचं तर बाईंनाही यायचा. एकदा मी त्यांना व्हरांड्याच्या खांबाला टेकून डोळे मिटून उभं असलेलं पाहिलं. मी म्हणाले, "बाई, आज राहू द्या." त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "मी दमलेय म्हणून बस उलटायची थांबेल का?"

फोनवर बोलायची मला लहानपणापासून धास्ती. समोर माणूस दिसत नाही आणि उत्तर मात्र लगेच द्यावं लागतं. बाईंना हे कळलं होतं. त्या मला मुद्दाम टेलिफोनच्या खोलीत बसवत. एका दिवाळीच्या आधी, सकाळच्या गर्दीत, तेरखेड्याकडून फोन आला. एक माणूस धापा टाकत होता. "तेरखेड्याला दारूनं माणसं पडल्यात बगा! घिऊन यायलोय!" माझ्या मागे उभी असलेली नवी नर्स लातूरकडची होती, ती हळूच म्हणाली, "विषारी प्यायले असतील." तसं होणं अशक्य नव्हतं. महिन्यापूर्वीच तसे दोघे आले होते. मी म्हणाले, "परत सांगा. तुमच्या शब्दांत."

"आवो बाई, बहिऱ्या हाव का? दारूनं!"

"दारू हा शब्द सोडून सांगा."

"आता काय सांगावं ह्यास्नी..." तो जवळजवळ रडत होता. "फटाक्याची दारू वो! शोभंची! कोठ्याला आग लागली, माणसं भाजल्यात, कातडं लोंबाया लागलंय!"

"भाजलेली माणसं घेऊन येताय. किती वेळात?"

"व्हय व्हय. निघालोच."

ट्रक आला तेव्हा उकळून वाळवलेल्या चादरी खाटांवर होत्या, सलाईन टांगलेलं होतं, डॉक्टर हात धुऊन दारात उभे होते. गणपत स्ट्रेचर घेऊन फाटकाशी, आणि त्या दिवशी तो अजिबात ओरडत नव्हता. सगळी माणसं वाचली नाहीत. हे लिहायलाच हवं, कारण बाईंनी ते कधी झाकलं नाही. पण जी वाचायची होती त्यांच्यातलं कुणी आमच्यामुळे गेलं नाही. संध्याकाळी बाई माझ्या शेजारी बाकावर येऊन बसल्या. त्यांच्या पातळाला काजळी लागली होती. शाबासकीची मी वाट बघत नव्हते असं म्हणणं खोटं ठरेल. त्या म्हणाल्या, "'किती वेळात' हे तू आधी विचारायला हवं होतंस." मग थोड्या वेळानं, "...पण विचारलंस." आणि कपातला अर्धा चहा माझ्या बशीत ओतला. पुढच्या गुरुवारी तालीम होती. डॉक्टरसाहेब त्या दिवशी अंकाबद्दल काही बोलले नाहीत, स्वतः फाटकाबाहेर जाऊन निरोप घेऊन आले.

गेल्या वर्षी बाईंना झटका आला. उजवी बाजू गेली, आणि वाचा राहिली पण शब्दांची अदलाबदल झाली. पाणी हवं असलं की त्या किल्ली म्हणायच्या. खिडकी म्हणताना भाकरी. त्यांना कळत होतं की चुकीचा शब्द निघतोय, आणि त्या डोळे मिटून घ्यायच्या. भाऊ त्यांना कऱ्हाडला घेऊन गेला. रजा मिळाली तशी मी भेटायला गेले. घरची माणसं चांगली होती, पण दमलेली होती. त्यांचं म्हणणं, आत्या काय बोलते ते कळत नाही, म्हणून आम्ही हो हो म्हणतो. मी त्यांच्या खाटेशी बसले आणि आमचं जुनं काम सुरू केलं. त्या एक शब्द टाकायच्या, मी माझ्या शब्दांत परत सांगायची. "ऊन येतंय? पडदा ओढू?" मान आडवी. "कूस बदलायची?" मान उभी. असं दुपारभर. मी आयुष्यात कधी इतकं बोलले नव्हते.

निघायच्या वेळी त्यांनी माझा हात धरला आणि अगदी स्पष्ट म्हणाल्या, "उलटी."

मी धावत मोरीत गेले, कोपऱ्यातलं पांढरं तसराळं उचललं, आणून त्यांच्या हनुवटीखाली धरलं, दुसऱ्या हातानं कपाळ धरलं. त्या तसराळ्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे. आणि मला उमगलं. या वेळी शब्द चुकलेला नव्हता. त्या जळकोटच्या नाल्याशी होत्या. इतकी वर्षं त्या तिथंच होत्या. मी तसराळं तसंच धरून म्हणाले, "बस... बस पालथी झाली." त्यांची मान उभी हलली. आणि मग त्यांचा अर्धा चेहरा हसायला लागला. आवाज येत नव्हता, पण खाट हलत होती. आपल्याच हाताखाली शिकलेली मुलगी, इतक्या गुरुवारांनंतर, तसराळं घेऊन धावली होती! त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, माझ्याही. भावजय दारात येऊन घाबरून उभी राहिली. तो शब्द ऐकून बाई हसल्याचं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मला वाटतं त्या दिवशी त्यांना थोडं हलकं वाटलं असावं. कदाचित. हा शब्द त्यांनी खोडला असता.

कऱ्हाडहून फोन आला तो सोमवार होता. बातमी सगळ्यांना कळली होती, पण त्या आठवड्यात मी तालमीबद्दल कुणाला काही बोलले नाही. गुरुवारी पेशंट संपले, मी हात धुऊन बाहेर आले, तर व्हरांड्यात सगळे उभे. कुणी बोलावलं नव्हतं. किल्ल्या खिळ्यावर होत्या. फाटकाबाहेर कुणी गेलेलं नव्हतं, त्यामुळे निरोप आणायला कुणी नव्हतं, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मला सुचलं तेवढं मी म्हणाले, "बाई गेल्या."

मग रहीमतबी डोक्यावरचा पदर पुढे ओढत म्हणाली, "बाई की ड्यूटी खतम हुई. अब कोई घंटी नै बजाना उनके वास्ते." लातूरकडची नर्स म्हणाली, "आता बाईंना विचारता येणार नाही." डॉक्टरसाहेब आपल्या दारात आले होते. ते म्हणाले, "पडदा पडला," आणि लगेच चष्मा काढून पुसायला लागले. गणपत स्ट्रेचरच्या दांडीला धरून उभा होता. म्हणाला, "लई दमल्या व्हत्या. टेकल्या जराशा."

मी ऐकत होते. प्रत्येकाचं बरोबर होतं. हो म्हणायचं काम माझं होतं, म्हणून मी प्रत्येक वेळी तोंडानं हो म्हणाले.

मग गणपतनं माझ्याकडे पाहिलं. "शिष्टर," तो म्हणाला, "तुमचं ऱ्हायलं."